फीडिंग थेरपीचे बारा आठवडे: आधी पाय, मग जीभ, मग गाजर

आमचे चिरंजीव साडेतीन वर्षांचे. खाणं मोजून पाच गोष्टींचं: दूध, दही, केळं, कुस्करलेला बटाटा आणि एकाच कंपनीचं बिस्कीट. तेही अख्खंच हवं, कोपरा तुटलेला असेल तर परत. मध्यंतरी कंपनीने पाकिटाचा रंग बदलला तेव्हा चार दिवस पाचाचे चारच पदार्थ उरले होते.

‘मुलं अशीच असतात’ हे ऐकण्यात दीड वर्ष गेलं. वजनाचा आलेख आडवा झाला तेव्हा बालरोगतज्ज्ञांनी फीडिंग थेरपीची, म्हणजे मुलाला खायला शिकवण्याच्या उपचाराची, चिठ्ठी दिली.

पहिली भेट दीड तासाची होती. फॉर्म इतका लांब की नवरा आणि मी निम्मा-निम्मा वाटून भरला. लहानपणी नळीने दूध दिलं होतं का, बद्धकोष्ठता असते का, दात घासताना रडतो का, कपड्यांचे टॅग टोचतात का. टॅगचा जेवणाशी काय संबंध, असं नवऱ्याने तिथल्या तिथे विचारलं. थेरपिस्ट म्हणाल्या, मानेला टॅग सहन न होणाऱ्या मुलाला जिभेवरची दाणेदार गोष्टही कधीकधी तशीच वाटते.

मग त्यांनी त्याला भरवलंच नाही. तो खाताना नुसतं पाहत बसल्या, आणि आधी पाहिले पाय. आमची जेवणाची खुर्ची उंच, पाय लोंबकळणारे, हे आम्ही काढलेल्या व्हिडिओत दिसत होतं. ‘तुम्ही उंच स्टुलावर पाय अधांतरी ठेवून जेवून बघा,’ म्हणाल्या. मी घरी करून पाहिलं. अर्ध्या जेवणात कंबर बोलायला लागली. दुसऱ्या दिवशी पायाखाली लाकडी ठोकळा आला.

त्यानंतर बिस्कीट. तो चावतच नव्हता! तुकडा जिभेने टाळूवर दाबून धरायचा, विरघळला की गिळायचा. घास दाढेखाली सरकवायला जीभ बाजूला वळावी लागते, ते त्याला जमतच नव्हतं. दीड वर्ष आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, ‘बघ, शेजारची मुलगी कशी खाते’ करत होतो, ते हे होतं. त्या रात्री मी फारसं कुणाशी बोलले नाही. या एका निदानासाठी मी त्या केंद्राचे सगळे दोष पोटात घालायला तयार आहे. (दोष आहेत, पुढे येतातच.)

आणखी एक गोष्ट त्याच दिवशी कळली. ओकारी आल्यासारखा आवाज, खोकला, डोळ्यांत पाणी, म्हणजे शरीर घास घशातून परत तोंडाकडे ढकलतंय. खरी भीती आवाज न फुटण्याची आणि श्वास अडकण्याची. मी प्रत्येक वेळी ‘अगं बाई’ करून झेपावत होते, आणि तो घासापेक्षा मलाच घाबरत होता.

सेशन आठवड्यातून एक, पाऊण तासाचं. पहिले तीन आठवडे नवीन असं काहीही पोटात गेलं नाही. गाजराच्या काड्यांनी टेबलावर ढोल वाजवला, दह्याने ट्रेमध्ये रस्ते काढले. ‘पैसे भरून अन्नाशी खेळायला शिकवताय,’ सासूबाई म्हणाल्या, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पण त्यांचा एक क्रम असतो: पदार्थ टेबलावर असलेला चालणं, चमच्याने हलवणं, बोट लावणं, वास घेणं, ओठाला लावणं, चाटणं, चावून थुंकणं आणि सगळ्यात शेवटी गिळणं. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावा लागतो. हा क्रम त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर दिला असता तर माझी तीन आठवड्यांची चिडचिड वाचली असती.

घरचा अभ्यास जास्त अवघड. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी, मोबाइल बंद, अर्ध्या तासात ताट उचलायचं. काय आणि केव्हा वाढायचं ते आम्ही ठरवायचं, किती खायचं ते त्याने. शेवटचं वाक्य वाचायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात तो आधीपेक्षाही कमी जेवला आणि मी केंद्रात दोनदा फोन केला.

आता तक्रारी. मुलांच्या खाण्याच्या या त्रासाची व्याख्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये एकमताने ठरवली, तिच्यात चार बाजू आहेत: आजार, पोषण, खाण्याचं कौशल्य आणि मन. आमच्या केंद्रात शेवटच्या दोनच पाहिल्या जातात. आहारतज्ज्ञ नाही, वजन आम्हीच बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन बघायचं. मूल मुळातच बारीक असेल तर ही जबाबदारी कोणाची, हे नाव नोंदवण्याआधी विचारा. दुसरं, सहाव्या आठवड्यात न सांगता थेरपिस्ट बदलल्या. चिरंजीव पाऊण तास टेबलाखाली बसले, ते दोन आठवडे फुकट गेले.

जमेची बाजू अशी की आम्हाला खोलीत बसू देतात आणि चमचा कुणी कोंबत नाही. आधी एक जागा पाहिली होती, तिथे बाळाचे हात धरून भरवत होते. दहा मिनिटांत आम्ही बाहेर.

आज पदार्थांचा आकडा आठवर आहे. बिस्किटावरून दुसऱ्या कंपनीचं बिस्कीट, तिथून पातळ टोस्ट, आणि मऊ उकडलेलं गाजर. पुढच्या बारा आठवड्यांचे पैसे भरलेत. ठोकळ्याचा दुसरा उपयोग परवा कळला: त्यावर चढून साहेबांनी फ्रीज उघडला, कच्चं गाजर काढलं, एकदा चाटलं आणि जपून परत ठेवलं.