माती-पाणी तपासून देतो म्हणून आमच्या वाड्यावर झालेली फसवणूक

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, डिचोली तालुक्यात, जुन्या खाणीच्या डंपाच्या (खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या ढिगाच्या) पायथ्याशी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं, खाण थांबली, पण डंप जागच्या जागी राहिले. गेल्या जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात तिथली तांबडी माती वाहून शेतात आली. माझ्या खालच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, बोटभर जाड थर बसला आणि विहिरीचं पाणी दोन दिवस गढूळ राहिलं. नुकसानभरपाईचा अर्ज करायचा तर कागद हवा, म्हणून आम्ही तपासणी कुठे होते याची चौकशी करत होतो. त्याच आठवड्यात हा माणूस दारात आला.

स्वतःला पर्यावरण सल्लागार म्हणवत होता. बोलणं मऊ, गळ्यात ओळखपत्र. ओसरीवर बसून त्याने दोन पेले मागितले, एकात आमच्या विहिरीचं पाणी आणि दुसऱ्यात त्याच्याकडचं बाटलीबंद पाणी. दोन्हीत सळ्या बुडवून विजेचं बटण दाबलं. बघता बघता विहिरीच्या पाण्यात तपकिरी गाळ साचला, बाटलीबंद पाणी मात्र तसंच स्वच्छ. "बघा, खाणीचं लोखंड पिताय तुम्ही." शेजारच्या काकींनी नातवाच्या हातातला तांब्या काढून घेतला. त्या दिवशी अकरा घरांनी प्रत्येकी साडेसहा हजार रुपये दिले. पावती साध्या कागदावर.

नमुने घेतले ते आमच्या डोळ्यांदेखत, हेच मला सगळ्यात जास्त लागतं. विहिरीवर तो गेलाच नाही. टाकीच्या नळाखाली पाण्याची वापरलेली बाटली धरली, तिच्यावर जुना कागद तसाच होता. माती घेतली मोरीच्या कडेची, मूठभर, वरवरची. शेतात उतरायला पायात बूट आहेत म्हणाला. मग जाता जाता सांगून गेला, "नमुना झाला, आता खुशाल नांगर घाला." लावणीचे दिवस होते. आम्ही चिखलणी केली आणि तो थर जमिनीत मिसळून गेला.

चार दिवसांत गुळगुळीत कागदावर बावीस घटकांचा अहवाल आला. खाली मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा शिक्का होता. चवथीला भाची आली, ती रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली. कागद हातात घेऊन तिने पहिलं विचारलं ते हेच, "मामा, तुमच्या मातीचा सामू, म्हणजे पीएच, ७.८ कसा येईल? आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते." मग तिने काकींचा अहवाल मागून आणला. दोन्हीतले आकडे दशांशापर्यंत सारखे निघाले, नाव तेवढं वेगळं. अहवालावरच्या प्रयोगशाळेला तिने फोन लावला, तर या क्रमांकाचा अहवाल आम्ही दिलेलाच नाही, असं उत्तर आलं.

पेल्यांचं कोडंही तिने तिथेच सोडवलं. दोन लोखंडी खिळे, नऊ व्होल्टची बॅटरी आणि बाटलीबंद पाण्यात चिमूटभर मीठ. थोड्या वेळात त्या पाण्यातही तोच तपकिरी गाळ! लोखंड त्या सळ्यांचंच सुटतं. बाटलीबंद पाण्यात क्षार फार कमी, त्यामुळे वीज फारशी जात नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्या प्रयोगातून खाणीबद्दल काहीच कळत नाही.

नमुना खरा कसा घेतात, ते मला तिच्याकडून कळलं. विहिरीचं पाणी विहिरीतूनच घ्यायचं. टाकीतलं घेतलं तर टाकीचा गाळ मोजला जातो. जंतूंच्या तपासणीला निर्जंतुक बाटली लागते, ती बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावी लागते. धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात नायट्रिक आम्ल घालतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात आणि आकडा कमी येतो. भातशेतीची माती सात-आठ ठिकाणांहून, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून, सुमारे पंधरा सेंटिमीटरपर्यंतची घेतात. ती एकत्र कालवून, चार भाग करत करत अर्धा किलो ठेवतात. बांध, शेणखताचा ढीग, मोरीची कड टाळायची. वाहून आलेल्या गाळाचा थर वेगळा तपासायचा असेल तर त्याचा नमुना वेगळाच, खालच्या मातीचा वेगळा. प्रत्येक पिशवीवर जागा, तारीख, वेळ आणि घेणाऱ्याचं नाव. आणखी एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि जस्त, लोह यांसारखी पोषकं येतात. शिसं, आर्सेनिक त्यात येत नाहीत. ते हवं असेल तर प्रयोगशाळेकडे आधी विचारायचं, आणि तो घटक तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का, ते प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेच्या संकेतस्थळावर आपणच बघायचं.

आमचे पैसे गेले, त्याहून मोठं नुकसान त्या थराचं झालं. पुन्हा नमुने घ्यायला गेलो तेव्हा शेतात भात उभं होतं आणि वाहून आलेली माती आमच्या मातीत केव्हाच मिसळली होती. अर्जासोबत आम्ही तो खोटा अहवाल जोडला होता, तो मागे घ्यावा लागला. कचेरीतल्या साहेबांनी कागद परत सरकवला आणि विचारलं, "मग आता तुमच्याकडे काय आहे?" मोबाइलवरचे चार फोटो होते, तेच दाखवले.

अकराही घरांनी मिळून पोलिसांत तक्रार दिली आहे. त्याचा फोन बंद लागतो. सत्तरी तालुक्यातही असाच एक माणूस डंपाखालच्या वाड्यांवर फिरतो आहे, असं कानावर आलंय. तुमच्याकडे आला तर पैसे काढण्याआधी त्याला विहिरीपर्यंत न्या आणि बाटली दाखवायला सांगा. गाळाचा नमुना नीट पिशवीत बंद होऊन, जागा-तारखेची चिठ्ठी लागेपर्यंत शेतात नांगर घालू नका.