कपाळाची गन की काखेतला थर्मामीटर?

आमच्या परळच्या घरात दोन्ही आहेत. गन, म्हणजे अंगाला न लावता कपाळासमोर धरून ताप मोजायचं यंत्र, घेतली ती लेकीसाठी. दीड वर्षाची असताना तिच्या काखेत थर्मामीटर धरून ठेवायचा म्हणजे आधी घरभर पळापळ, मग रडारड. गनने झोपमोड न करता काम होतं. हे सुख लहान नाही, आणि घरात तान्हं मूल असेल तर तुमचा कौल कदाचित तिकडेच जाईल.

माझा मात्र जुलैतल्या एका रात्री बदलला. बाहेर धो-धो पाऊस, पंखा पाचवर, आणि लेकीच्या पाठीला हात लावला तर चटका बसावा इतकी फणफणलेली. गन म्हणाली ९७.९. पुन्हा धरली, ९९.४. तिसऱ्यांदा ९८.६. कपाळावर घामाने केस चिकटलेले होते. गन मोजते फक्त कातडीची उष्णता, आणि घाम वाळताना कातडी गार पडते. कपाळ पुसलं, पंखा बंद केला, दहा मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे १००.८ आलं. तोवर बायकोने काखेत साधा डिजिटल लावला होता: १०१.६. औषध द्यायचं की नाही, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं. मुंबईत घाम नाही असे दिवस किती? दर वेळी पुसा, पंखा बंद करा, थांबा. मग झटपटपणा उरला कुठे?

काखेतल्यालाही खोड आहे. त्याची बीप घाईची असते, म्हणून बीप झाल्यावरही मी आणखी दोनेक मिनिटं दंड अंगाशी दाबून धरतो. आकडा जिभेखालच्यापेक्षा अर्धा ते एक डिग्री कमी येतो, पण स्वतःचा हिशेब मिसळू नये. डॉक्टरांना फक्त ‘काखेत इतका’ असं सांगावं. मोठ्यांनी जिभेखाली धरायचा तर चहानंतर पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यावीत. पाऱ्याचा मात्र घेऊच नका. फुटला की कपाटाखालचे थेंब गोळा करताना जीव जातो.

आणि ९८.६ ला चिकटून बसू नका. तो आकडा जर्मन डॉक्टर वुंडरलिश यांच्या १८६८ च्या ग्रंथातून रूढ झाला. १९९२ साली अमेरिकेत निरोगी माणसांची जिभेखालची मोजणी झाली, तेव्हा सरासरी ९८.२ निघाली. मी बरा असतानाच मोजून ठेवलंय: पहाटे ९७.४, संध्याकाळी लोकलमधून आल्यावर ९८.९. दोन्ही नॉर्मलच. डॉक्टर साधारण १००.४ पासून ताप धरतात.

गन अजून उशाशी असते, लेक झोपेत असताना अंदाज घ्यायला. पण पावसाळ्यातल्या तापात डॉक्टर मलेरिया-डेंग्यूची तपासणी लिहून देतात आणि ‘ताप कधी, किती होता?’ विचारतात, तेव्हा वहीत वेळेपुढे लिहिलेले आकडे काखेतल्याचेच असतात.