वाड्याच्या विटांच्या दरजा चुन्याने भरून घेतल्या, त्याचा अनुभव

वाईतल्या आमच्या वाड्याची मागची भिंत पश्चिमेला आहे, खाली दगडी जोतं आणि वर जुन्या पातळ विटा, पावसाची झड सगळी तिच्यावरच, त्यामुळे दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, इतक्या झिजल्या होत्या की अर्धं बोट आत जायचं. 2016 ला एका काँट्रॅक्टरने अर्धी भिंत सिमेंटने भरून दिली होती, दिसायला एकदम कडक, पण तीन-चार पावसाळ्यांत सिमेंटच्या दरजा तशाच कडक राहिल्या आणि मधल्या विटांचे पापुद्रे निघायला लागले. जुनी वीट मऊ असते, आत शिरलेलं पाणी चुन्याच्या दरजेतून हळूहळू बाहेर पडतं, सिमेंटने ती वाट बंद केली की ते विटेतूनच बाहेर येतं आणि येताना क्षार आणतं, मग लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, लागतो आणि वीट फुटते. झिजायचं तर दरजेने झिजावं, ती परत भरता येते, आजोबांच्या आजोबांच्या काळातली वीट कुठून आणणार?

म्हणून यावेळी चुन्याचं काम करणारे गवंडी शोधले, वडील आणि मुलगा, दिवाळीनंतर आले. पहिल्या दिवशीच आवडलं की ग्राइंडर आणलाच नव्हता, छिन्नी-हातोडीनेच दरजा उकरल्या, विटेची कड कुठे उडाली नाही. इंचभर खोल उकरायच्या, ब्रशने धूळ काढायची, भिंत भिजवायची आणि मगच माल. माल म्हणजे भिजवून मुरवलेला चुना, वाळू आणि सुरखी म्हणजे विटांची भुकटी, रंग जुन्या दरजेशी जुळेपर्यंत त्यांनी चार नमुने कोपऱ्यात लावून वाळवून बघितले, मला तर दुसराच पटला होता पण काकांनी ऐकलं नाही आणि त्यांचंच बरोबर निघालं. माल दाबून दाबून भरतात, विटेच्या तोंडावर फासत नाहीत, आणि भरलेली भिंत ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायची कारण चुना हवेच्या संपर्कात हळूहळू घट्ट होतो, घाईने सुकला तर भुसभुशीत राहतो.

तक्रार एकच. दुपारच्या उन्हात एक पट्टा झाकायचा राहिला, तिथे बारीक चिरा आल्या. फोन केला तर दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तेवढा भाग उकरून परत भरला, पैसे मागितले नाहीत. वेळ मात्र लागतो, 3 आठवडे म्हणाले होते, 5 लागले, आणि खर्च सिमेंटच्या जवळपास अडीचपट.

सिमेंटवाला भाग त्यांनी पूर्ण काढला नाही, जिथे काढताना वीट तुटत होती तिथे हात आवरला, आणि हे आधी आईला भिंतीजवळ नेऊन दाखवलं, मग पुढे गेले. यंदाचा पावसाळा गेला, आतल्या खोलीतला दरवर्षीचा ओलसर वास आला नाही, आई परत तिथे धान्य ठेवायला लागलीये. उत्तरेच्या भिंतीसाठी त्यांनाच सांगून ठेवलंय.