एआरएम व्हीएम बूट होईना: फर्मवेअर सैल करायचं की बूटलोडर बदलायचा?

होस्टवरचं (व्हीएम चालवणाऱ्या मशीनवरचं) ईडीके-२ हे व्हीएम सुरू करणारं फर्मवेअर अपडेट झालं आणि कालपर्यंत चालणारी एएआर्च६४ (६४-बिट एआरएम) व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, ग्रब या बूटलोडरचा मेनू यायच्या आधीच 'सिंक्रोनस एक्सेप्शन' (प्रोसेसर एखाद्या सूचनेवर अडल्याची चूक) दाखवून थांबली, तर डिस्क इमेजवर शंका घेण्याआधी मेमरी संरक्षण, म्हणजे कोणत्या मेमरीतून कोड चालू द्यायचा याचे नियम, तपासा. उपाय चार आहेत, पण कोणताही उचलून चालणार नाही, कारण दुखणी दोन आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिलं दुखणं ग्रबचं. जुना ग्रब 'लोडर डेटा' प्रकारची मेमरी मागून घेतो, त्यातच आपली मॉड्यूल्स उतरवतो आणि तिथूनच ती चालवतो. ईडीके-२ ने २०१७ मध्ये एआरएम व्हर्च्युअल मशीनसाठी डेटाच्या मेमरीतून कोड चालवायला बंदी घातली, तेव्हा ग्रबसाठी 'लोडर डेटा'ला मुद्दाम सूट दिली होती. बंदीच्या धोरणाचा हेक्स आकडा तेव्हा '७एफडी१'ने संपायचा. पुढे तो '७एफडी५' झाला. फरक एकाच बिटचा, पण तो बिट नेमका 'लोडर डेटा'चा.

दुसरं दुखणं शिमचं, म्हणजे ग्रबच्या आधी चालून त्याला मेमरीत उतरवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं. यूईएफआय या फर्मवेअर मानकाच्या २.१० आवृत्तीत मेमरीच्या परवानग्या बदलू देणारा 'मेमरी अ‍ॅट्रिब्यूट प्रोटोकॉल' आला. तो दिसला की जुना शिम, ग्रबची इमेज उतरवताना, आधी त्या सगळ्या मेमरीची 'चालवण्याची' परवानगी काढतो आणि मग कोडच्या भागाला ती परत देऊ पाहतो. त्या भागाचा पत्ता आणि आकार ४ केबीच्या पटीत नसतील, तर परत देण्याची पायरीच गळते. मग ग्रबच्या पहिल्याच सूचनेवर प्रोसेसर अडतो. 'लोडर डेटा'चा बिट सैल करून इथे काही होत नाही. परवानगी शिमने स्वतः काढलेली असते.

फर्मवेअरचं डिबग बिल्ड लावून सीरियल कन्सोल बघा. ईएसआरच्या (एक्सेप्शनचं कारण नोंदवणाऱ्या रजिस्टरच्या) ओळीत ईसी (कारणाचा क्रमांक) हेक्स २१ आणि खाली 'इन्स्ट्रक्शन अबॉर्ट: परमिशन फॉल्ट' असेल, तर अडचण याच जातीची. ईसी २५ म्हणजे डेटा अबॉर्ट. तिथे कारण वेगळं शोधावं लागेल.

सुरुवात प्रोटोकॉल लपवण्यापासून करावी, कारण त्याला काहीच बिल्ड करावं लागत नाही. क्यूईएमयूला (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला) एफडब्ल्यू-सीएफजी या फर्मवेअरला सेटिंग पोचवणाऱ्या पर्यायातून 'ऑप्ट/ऑर्ग.टियानोकोर/अनइन्स्टॉलमेमअ‍ॅट्रप्रोटोकॉल' ही नोंद (मूळ इंग्रजी स्पेलिंगमध्ये, शब्दांत जागा न सोडता) 'वाय' या किमतीसह द्या. व्हीएम उठली तर दोष शिमचा होता, हेही त्यातच कळतं. शिवाय सवलत त्या एकाच व्हीएमपुरती राहते. जुन्या इन्स्टॉलर आयएसओसाठी हाच मार्ग सगळ्यात बरा, कारण आयएसओमधला शिम तुम्ही बदलू शकत नाही.

तरीही तोच एक्सेप्शन येत असेल, तर 'लोडर डेटा'चा बिट सैल करून फर्मवेअर पुन्हा बांधावं लागेल. फर्मवेअरच्या बिल्ड सेटिंगच्या डीएससी फाइलमध्ये '७एफडी५'च्या जागी '७एफडी१' एवढाच बदल. पण होस्टवरची फर्मवेअर फाइल सगळ्या व्हीएम वापरतात, म्हणून मूळ फाइलला हात लावू नका. सैल प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि फक्त अडलेल्या व्हीएमच्या व्याख्येत तिचा मार्ग द्या.

गेस्टमध्ये शिरता येत असेल तर खरा उपाय बूटलोडर अद्ययावत करण्याचा. शिम आणि ग्रब दोन्ही एकदमच बदला. इथे एक फसगत होते: पॅकेज अपडेटने ईएफआय पार्टिशनवर डिस्ट्रोच्या नावाच्या फोल्डरमधल्या फाइल्स बदलतात, पण 'ईएफआय/बूट' फोल्डरमधली पर्यायी प्रत काही वेळा जुनीच राहते. पुढे व्हेरिएबल स्टोअर (फर्मवेअरच्या बूट नोंदींचा साठा) नव्याने तयार झाला की फर्मवेअर तीच जुनी प्रत उचलतं आणि तोच एक्सेप्शन पुन्हा समोर येतो. दोन्ही ठिकाणचे चेकसम जुळवून पाहा. नवी फाइल खरंच तयार आहे का, हे ऑब्जडंप या साधनाने पीई हेडर (ईएफआय फाइलच्या सुरुवातीची रचनेची माहिती) उघडून कळतं: सेक्शन अलाइनमेंट हेक्स १००० हवं आणि एकही सेक्शन एकाच वेळी लिहिता व चालवता येणारा नको. 'एनएक्स कॉम्पॅट' हा हेक्स १०० चा फ्लॅग नंतरही चिकटवता येतो. आतला कोड तसा लिहिलेला नसेल तर तो फ्लॅग निव्वळ खोटं आश्वासन ठरतो, म्हणून एवढ्यावर विसंबू नका.

चौथा मार्ग म्हणजे क्यूईएमयूला कर्नल आणि इनिटआरडी (बूटच्या वेळची तात्पुरती फाइल सिस्टिम) थेट देणं. शिम-ग्रब दोन्ही टळतात. चाचणीच्या व्हीएमला हे उत्तम, पण गेस्टमध्ये कर्नल अपडेट झाला तरी होस्टवरची प्रत जुनीच राहते.

किती सैल करायचं, हे सिक्युअर बूटवर (फक्त स्वाक्षरी असलेला कोड चालू देणाऱ्या व्यवस्थेवर) ठरवा. ते बंद असेल तर बूटलोडरच्या टप्प्यावर कोणीही स्वाक्षरी नसलेला कोड चालवू शकतो. मग पहिल्या दोन सवलतींनी विशेष काही गमावत नाही. ते चालू असेल तर गोष्ट वेगळी. २०२० मध्ये उघड झालेल्या 'बूटहोल' या त्रुटीत ग्रबच्या कॉन्फिग फाइलमधून बफर ओव्हरफ्लो करता येत होता, आणि घुसवलेला कोड हीपमधून (डेटासाठी मागून घेतलेल्या मेमरीतून) चालू न देणं हेच या बंदीचं काम. अशा मशीनवर प्रोटोकॉल लपवणं इन्स्टॉलेशन पुरं होईपर्यंत ठीक आहे. नवा बूटलोडर बसला की ती नोंद लगेच काढून टाका. सैल फर्मवेअर तर तिथे लावूच नका.