टेस्टच्या नावाखाली माझ्याकडून 164 ओळी फुकट लिहून घेतल्या

मी फ्रीलान्स गेम रायटर आहे. प्रत्येक लग्नात कोणीतरी विचारतंच की गेमला रायटर कशाला लागतो, म्हणून आधीच सांगते, गेममधली माणसं जे काही बोलतात ते कोणीतरी बसून लिहिलेलं असतं. तुम्ही गेममधल्या बाजारातून चाललात की भाजीवाली ओरडते, शिपाई दम देतो, दारुडा काहीतरी बरळतो, त्या तुटक वाक्यांना आमच्यात बार्क म्हणतात, आणि हे बार्क लिहिणं हे सगळ्यात कंटाळवाणं, सगळ्यात जास्त संख्येचं आणि कोणालाच करायला नको असलेलं काम. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

2024 च्या ऑगस्टमध्ये मी जर्मनीत कोलोनला गेम्सकॉमला गेले होते. जगातल्या सगळ्यात मोठ्या गेमिंग मेळ्यांपैकी एक, त्या वर्षी पाच दिवसांत 3 लाख 35 हजार लोक आले होते. पदरचे पैसे घालून गेले. व्हिसाची फी 90 युरो, 30 हजार युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स, विमान, आणि कोलोनमधल्या हॉटेलांचे त्या आठवड्यातले रेट बघून मला घामच फुटला म्हणून बॉनला एका खोलीत राहिले आणि रोज रीजनल ट्रेनने ये-जा केली. सगळं मिळून दीड लाखाच्या वर गेलं. एवढा आटापिटा का, तर 2023 आणि 2024 दोन्ही वर्षी जगभरात गेम कंपन्यांनी दहा-दहा हजारांच्या वर लोकं काढली, ती सगळी अनुभवी माणसं आता फ्रीलान्स मार्केटमध्ये उतरलीयेत, आणि पुण्यात बसून नुसते मेल टाकून आता काम मिळत नाही.

जायच्या आधीच फसवणारे सुरू झाले होते. एकाचा मेल की वीस हजार व्हिजिटर्सचे पत्ते विकत घ्या. एकाचा थेट फोन, मी म्हणे अधिकृत हॉटेल बुकिंगवाला, कार्ड नंबर द्या नाहीतर रूम जाईल. दोघांनाही उडवून लावलं आणि आपण कशा हुशार म्हणून बहिणीला फोन करून सांगितलं पण. आता आठवलं की हसू येतं.

तिथे दोन वेगळी जगं आहेत. एकीकडे पब्लिकचे हॉल, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि पंधरा मिनिटं नवीन गेम खेळायला मिळावा म्हणून पोरं तीन-तीन चार-चार तास रांगेत, लालबागला नवसाच्या रांगेत उभी राहतात तशी, फक्त इथे जमिनीवर बसून बर्गर खातात. दुसरीकडे बिझनेस एरिया, बुधवार ते शुक्रवार तीनच दिवस, ट्रेडचं तिकीट असेल तरच आत सोडतात. तिथे कार्पेट, कॉफी मशीन, छोटी छोटी टेबलं आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या मीटिंगा. अॅपवरून रिक्वेस्ट पाठवायची, समोरचा हो म्हणाला तर स्लॉट मिळतो. मी 61 रिक्वेस्ट पाठवल्या, 9 जण हो म्हणाले, त्यातले दोघं उगवलेच नाहीत.

त्या उरलेल्या सातांमधला एक म्हणजे हा दाढीवाला. कंपनीचं नाव, देश, काहीच लिहीत नाहीये, का ते पुढे कळेलच. युरोपातला गेम बनवणारा मध्यम आकाराचा स्टुडिओ, स्टॉल ठीकठाक, गेमचं मोठं पोस्टर, नदीकाठचं एक काल्पनिक शहर. तो नॅरेटिव्ह लीड, म्हणजे गेमच्या गोष्टीचा आणि लिखाणाचा प्रमुख. आणि खरं सांगू का, मला गार करायला त्याने फार काही केलंच नाही, त्याने फक्त माझं काम वाचलेलं होतं. मी दोन वर्षांपूर्वी ट्वाइनमध्ये, म्हणजे वाचत वाचत पर्याय निवडत खेळायच्या गेम बनवायच्या टूलमध्ये, केलेली छोटीशी गेम, जी माझ्या घरच्यांनी पण पूर्ण खेळलेली नाही, तिच्यातला एक सीन त्याने मला सांगितला. बास, संपलं. मी बॅगेतून बाकरवडी काढून पुढे केली, पुण्याहून नेली होती मीटिंगांना द्यायला, त्याने चांगल्या चार खाल्ल्या. म्हणाला तीनच लोकांची शॉर्टलिस्ट आहे, तू त्यात आहेस, घरी पोचलीस की एक छोटी टेस्ट पाठवतो, झाली की सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. एनडीए, म्हणजे गोपनीयतेचा करार, लगेच मेल करतो, सही करून टाक म्हणजे वेळ जाणार नाही.

एनडीए खरंच त्याच संध्याकाळी आला. मी बॉनच्या ट्रेनमध्ये उभी, एका हातात वरचा दांडा, एका हातात मोबाईल, पायांचे तुकडे पडलेले, सहा पानं अंगठ्याने सरकवली आणि बोटाने सही केली. पान चारवर सातवा क्लॉज होता. मूल्यमापनासाठी उमेदवाराने दिलेला सगळा मजकूर कंपनीच्या मालकीचा राहील आणि कंपनी तो कुठल्याही कारणासाठी मोबदल्याशिवाय वापरू शकेल. हे मी सहा महिन्यांनी वाचलं.

टेस्ट आली 4 सप्टेंबरला, बुधवारी. द्यायची सोमवारी 9 ला सकाळी. मधे शनिवारी गणपती. मी एक दिवस वाढवून मागितला तर उत्तर आलं की सॉरी, शेड्यूल टाइट आहे. टेस्टला कसलं आलंय शेड्यूल, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं ना? नाही आलं. बाहेर हॉलमध्ये आरती चाललीये, आई दारातून म्हणतेय अगं आरतीला तरी उठ, आणि मी आतल्या खोलीत कोळ्यांच्या वस्तीतल्या बायका परक्या माणसाला काय बोलतील ते लिहितेय. मोदक पण लॅपटॉपसमोरच खाल्ले.

आता ती एक्सेल शीट नीट सांगते, कारण सगळं तिच्यातच होतं आणि मला दिसलं नाही. एका ओळीत एक प्रसंग. कोण बोलतंय, कुठे, कशावरून, आणि पुढे तीन रिकामे रकाने, कारण तेच वाक्य सारखं सारखं आलं की खेळणारा वैतागतो म्हणून प्रत्येक बार्कचे तीन प्रकार लिहून घेतात. प्रत्येकाला 60 अक्षरांची मर्यादा, कारण सबटायटल मावायला हवं आणि जर्मनमध्ये गेलं की वाक्य लांबतं. हे सगळं बरोबरच आहे, असंच असतं, उलट मला वाटलं वा किती प्रोफेशनल लोक आहेत. पण पहिल्या कॉलममध्ये ओळींचे नंबर होते. पहिल्या ओळीचा नंबर 0437. शेवटच्या ओळीचा 0600.

टेस्ट 437 पासून का सुरू होईल हो? टेस्ट एकपासून सुरू होते. ज्याच्या आधी 436 ओळी आहेत ती टेस्ट नाही, ते काम आहे. शिवाय कॉलम डीच्या नंतर एकदम एच होता. मधले तीन कॉलम लपवलेले. फेब्रुवारीत मी उजव्या बटणाने ते उघडले तेव्हा आत होतं, आवाज देणाऱ्या नटाचा कोड, रेकॉर्डिंगची तारीख 16 सप्टेंबर, आणि जर्मन भाषांतराचं स्टेटस. म्हणजे मी सोमवारी पाठवणार, पुढच्या सोमवारी स्टुडिओत कोणीतरी माईकसमोर उभं राहून ते बोलणार, सगळं आधीच ठरलेलं. फाईल सहा महिने माझ्याच लॅपटॉपवर पडून होती.

164 ओळी गुणिले तीन, प्लस दोन छोट्या साइड क्वेस्टचे, म्हणजे मुख्य गोष्टीबाहेरच्या कामगिऱ्यांचे संवाद, खेळणारा काय निवडतो त्याप्रमाणे फुटणाऱ्या शाखांसकट. सगळे मिळून साधारण 7400 शब्द. माझा रेट शब्दाला दहा युरो सेंट आहे, म्हणजे 740 युरो, तेव्हाच्या भावाने अडुसष्ट हजारांच्या आसपास. एवढी मोठी टेस्ट असते का असं एकदा मनात आलं होतं, पण सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट समोर लटकतंय म्हटल्यावर माणूस स्वतःलाच समजावतो.

पाठवली. थँक यू आलं, सुपर वर्क म्हणाला. मग पंधरा दिवस काही नाही. मी विचारलं तर टीम रिव्ह्यू करतेय. ऑक्टोबरमध्ये आलं की बजेट गोठलंय, हायरिंग बंद, तुझं नाव आमच्याकडे आहे. मला वाईट वाटलं पण राग नाही आला, अशी वर्षंच चालू होती, उलट मीच त्याला धीर देणारा मेल लिहिला. हो, मी.

नोव्हेंबरमध्ये साओ पावलोच्या एका रायटर बाईचा मेसेज आला. कोलोनला कॉफीच्या रांगेत ओळख झालेली, मी तिला पण बाकरवडी दिली होती. तिने सहज विचारलं, नदीवाल्या शहराची टेस्ट तुला पण आली होती का? एनडीए होता म्हणून दोघी आधी आडून आडून बोलत होतो, आणि मग तिनेच विचारलं तुझा पहिला नंबर कुठला. मी म्हटलं 437 ते 600. तिकडून दोन मिनिटं काही नाही. मग आलं, माझे 601 पासून.

पोटात खड्डा पडतो ना, तसं झालं. तीन जणांची शॉर्टलिस्ट वगैरे सगळं थापा, पुढे अजून एक पोलंडचा मुलगा सापडला, त्याचे नंबर 436 ला संपत होते. आम्ही एकमेकांशी स्पर्धा करतोय असं प्रत्येकाला वाटत होतं आणि प्रत्यक्षात आम्ही भिंतीच्या विटा रचत होतो, एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. अजून किती जण असतील देव जाणे.

तरी पुरावा नव्हता. पुरावा मिळाला फेब्रुवारीच्या शेवटी, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाच्या नेक्स्ट फेस्टमध्ये, त्यात अजून यायच्या असलेल्या गेम्सचे डेमो फुकट खेळायला मिळतात. त्या नदीवाल्या गेमचा पण होता. रात्री अकराला डाउनलोड केला. शहरात शिरले, घाटावर आले, आणि पाऊस सुरू झाला. एक म्हातारा नावाडी होडीत बसला होता. त्याच्याजवळ गेले. तो इंग्रजीत म्हणाला, पावसाला पत्ता सांगावा लागत नाही.

हे वाक्य माझ्या आजीचं आहे. चिपळूणला आमच्या जुन्या घराचं छप्पर दरवर्षी कुठेतरी गळायचं आणि आजोबा शिडी लावून कौलं चाळत बसले की ती खालून हेच म्हणायची. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं होतं, ओळ 0512, दुसरा रकाना. मी नावाड्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला त्याने तिसऱ्या रकान्यातलं वाक्य पण म्हणून दाखवलं. स्वल्पविरामाच्या जागी थांबला देखील. फार सुंदर बोलला, तेच जास्त लागलं. क्रेडिट्समध्ये रायटिंगखाली एकच नाव, दाढीवाल्याचं.

मग मेल केला, स्क्रीनशॉट, तारखा, शीट सगळं लावून. तीन आठवड्यांनी त्यांच्या वकिलाचं चार ओळींचं उत्तर, क्लॉज सात वाचा, आणि टेस्टबद्दल जाहीर काही बोललात तर गोपनीयतेचा भंग होईल. इथल्या ओळखीच्या वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, तोंडी चालत नाही. मला जरा हुरूप आला. मग म्हणाला, पण तू लेखी आणि सहीनिशीच दिलेयस. मोबदला नाही या मुद्द्यावर भांडता येईल म्हणाला, पण करारात कोर्ट तिकडचं लिहिलंय, आणि अडुसष्ट हजारांसाठी तिकडे वकील लावायचा म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. म्हणून इथे कंपनीचं नाव नाही.

आता लोक विचारतात की टेस्ट द्यायचीच नाही का. द्यायची, मी अजूनही देते, त्याशिवाय काम मिळत नाही. पण चांगल्या स्टुडिओची टेस्ट कशी असते ते आता मला कळलंय. एक पान, फार तर दहा-पंधरा बार्क, सगळ्या उमेदवारांना तोच प्रसंग, आणि बरेचदा तो त्यांच्या गेममधला नसतोच, मुद्दाम बनवलेला असतो, म्हणजे त्यांना वापरताच येऊ नये. यापेक्षा मोठं काही हवं असेल तर ते स्वतःहून पैशाचं बोलतात. मी आता सरळ विचारते, हा मजकूर गेममध्ये जाणार आहे का, आणि नसेल तर तसं मेलमध्ये लिहून द्या. गेल्या वर्षभरात पाच जणांना विचारलं, तिघांनी एका तासात लिहून दिलं, एकाने टेस्ट छोटी केली, एक गायब झाला. त्या गायब झालेल्याचं मला अजिबात वाईट वाटलेलं नाही. आणि शीट आली की आधी कॉलमची अक्षरं सलग आहेत का बघते, मग नंबर बघते, मगच वाचायला घेते. करारावर ट्रेनमध्ये सही करणं बंद. खरं तर मोबाईलवर सही करणंच बंद.

साओ पावलोवाली आणि मी आता एकमेकींना येणाऱ्या टेस्टची फक्त लांबी आणि पहिला नंबर सांगतो, मजकूर नाही, म्हणजे एनडीएला धक्का नको. इग्डा म्हणजे गेम बनवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या गेम रायटिंगच्या ग्रुपमधल्या अजून दोघी त्यात आल्यात. तुम्ही या धंद्यात असाल तर चार ओळखीच्या रायटरांशी एवढं तरी जुळवून ठेवा, कारण आम्हाला ते कॉफीच्या रांगेमुळे कळलं, नाहीतर मी अजून त्या माणसाला दिवाळीच्या शुभेच्छा पाठवत असते.

गणपतीत आजी आली होती तेव्हा तिला डेमो लावून दाखवला. पाऊस सुरू झाला, नावाडी बोलला, मी मराठीत सांगितलं काय म्हणाला ते. ती चष्मा वर करून स्क्रीनच्या जवळ गेली.

"माझंच वाक्य बोलतोय की मेला."

"हो ना."

"आवाज छान आहे हो त्याचा. मग तुला किती दिले याचे?"

मी म्हटलं, आजी, चहा टाकू का.