कच्चा डेटा: लगेच खुला करावा की राखीव मुदतीनंतर?

प्रकल्पातील कच्चा डेटा हाती येताच सर्वांसाठी खुला करावा, की काही काळ स्वतःकडे राखून मग करावा, हे ठरवणाऱ्या संशोधकाने आधी विचारावयाचा प्रश्न माझ्या मते एकच आहे: उशीर झाला तर नुकसान कोणाचे होणार?

साथीच्या रोगात ते रुग्णांचे होते, म्हणून तेथे राखीव मुदतीचे समर्थन करता येत नाही. कोविडच्या विषाणूचा जनुकक्रम शांघायमधील एका प्रयोगशाळेने ५ जानेवारी २०२० रोजी उलगडला होता, पण तो जगासमोर आला ११ जानेवारीला. त्यानंतर दोनच दिवसांत मॉडर्नाच्या लशीसाठीचा क्रम निश्चित झाला आणि १६ मार्चला पहिल्या स्वयंसेवकाला ती लस टोचली गेली. शोधनिबंध छापून येईपर्यंत थांबले असते, तर हे इतक्या लवकर घडले नसते. सुरुवातीचे ते सहा दिवसही वाया जायला नको होते.

खगोलशास्त्रात स्थिती वेगळी आहे, कारण आज न पाहिलेली दीर्घिका पुढच्या वर्षीही तेथेच असते. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा निरीक्षणाचा प्रस्ताव मांडणाऱ्या गटाकडे १८ महिने राखीव राहतो आणि मग खुला होतो. पीएचडीचा विद्यार्थी त्या डेटातून मोबाइल आणि विजेच्या तारांचा गोंगाट वेगळा काढायला शिकत असतो, त्याच काळात तयार संगणकप्रणाली आणि भरपूर माणसे असलेला परदेशी गट तेच काम काही आठवड्यांत उरकू शकतो. राखीव मुदत ही या विद्यार्थ्याला मिळालेली सवलत नसून त्याच्या कष्टाचे रास्त संरक्षण आहे, असे मी मानतो.

तरीही लगेच खुले करण्याचे मोल कमी लेखू नये. जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काही निरीक्षणांना २०२२ मध्ये राखीव मुदतच नव्हती, त्यामुळे जगभरच्या गटांनी काही दिवसांतच अतिदूरच्या दीर्घिकांचे दावे मांडले. त्यांपैकी ज्या एका दीर्घिकेची ताम्रसृती (प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला याचे माप; आकडा जितका मोठा तितकी दीर्घिका दूर) सुमारे १६ मानली गेली होती, तिची खरी ताम्रसृती ४.९ असल्याचे पुढच्याच वर्षी तिच्या प्रकाशाच्या वर्णपटावरून दिसले. घाईने चूक झाली हे खरे, पण आकडे सर्वांसमोर असल्यामुळे तिची छाननीही पहिल्या दिवसापासून सुरू झाली.

माणसांच्या जनुकीय डेटाला यांपैकी कोणताच मार्ग जसाच्या तसा लागू होत नाही. नाव काढून टाकलेल्या खुल्या जनुकसंचांवरून काही व्यक्तींची ओळख पटवता येते, हे २०१३ मध्ये दाखवले गेले आहे. जीनोम इंडिया या भारतीयांच्या जनुकसंचांच्या राष्ट्रीय प्रकल्पातील १०,००० जनुकसंच म्हणूनच अर्ज आणि छाननीनंतरच संशोधकांना मिळतात, आणि तसेच असायला हवे.

एरवी, साथ नसेल आणि डेटा माणसांचा नसेल, तर मी मुदतीचा मार्ग निवडण्याचा सल्ला देईन, मात्र खुले करण्याची तारीख प्रस्तावातच लिहून टाकावी आणि शोधनिबंध लांबला म्हणून ती पुढे ढकलू नये. निरीक्षण कोणत्या उपकरणाने, कोणत्या मापांकनाने आणि कधी झाले याचे वर्णन मात्र पहिल्याच दिवशी प्रसिद्ध करावे, म्हणजे इतरांना तेच निरीक्षण पुन्हा करण्यात दुर्बिणीचा वेळ घालवावा लागणार नाही.