आरएस-४८५ ते इथरनेट गेटवे: डाळमिलमध्ये एक हंगाम वापरल्यावर

आरएस-४८५ म्हणजे मीटरसारखी यंत्रं दोन वायरींवर जोडायची पद्धत, आणि गेटवे म्हणजे त्या वायरींवरचा डेटा ऑफिसच्या नेटवर्कवर आणणारा छोटा बॉक्स. तो घ्यायचा तर आयसोलेशन (वायरींची बाजू आणि बॉक्सची आतली बाजू विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवणारी सोय) असलेलाच घ्या, हे आधीच सांगतो. बाकीचं सेटिंगने सुधारतं, आयसोलेशन बॉक्सच्या आत नंतर घालता येत नाही.

आमची मिल जळगाव एमआयडीसीत. एमरी रोलर, ड्रायर, एलिव्हेटर, पॉलिशर यांच्या पॅनलमध्ये मिळून बारा एनर्जी मीटर आहेत, सगळे मॉडबस आरटीयूवर (आरएस-४८५ वायरींवर मीटर ज्या भाषेत बोलतात ती) चालणारे. कोणत्या मशीनला किती युनिट लागतात आणि डिमांड (एका वेळची विजेची मागणी) कधी चढते, हे ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर दिसावं म्हणून डिन रेलवर (पॅनलमधल्या पट्टीवर) बसणारा, आरएस-४८५ च्या दोन पोर्टचा गेटवे घेतला.

सेटिंग ब्राउझरमधून होते आणि पान सुटसुटीत आहे. मात्र बॉक्स कंपनीतून येतो तो ट्रान्सपरंट मोडवर, म्हणजे आलेला डेटा न बदलता जसाच्या तसा पुढे ढकलणारा. आपलं सॉफ्टवेअर मॉडबस टीसीपी (मॉडबसचाच नेटवर्कवरचा प्रकार) बोलत असेल, तर मोड बदलून मॉडबस गेटवे करावा लागतो आणि नेटवर्कचा पोर्ट नंबर ५०२ ठेवावा लागतो. नाहीतर पिंग (बॉक्स नेटवर्कवर आहे का ते बघायची चाचणी) व्यवस्थित मिळतो, दिवे लुकलुकतात, पण रीडिंग एकही येत नाही. मॅन्युअलमध्ये ही गोष्ट शेवटच्या पानांवर ढकलली आहे, ती पहिल्या पानावर हवी होती.

वायरिंगला वेळ द्या. एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी सरळ साखळी ओढा, मधूनच फांद्या काढू नका. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. सगळी सप्लाय बंद करून ए आणि बी या दोन डेटा वायरींमध्ये मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. ४० च्या आसपास दिसले, तर कुठेतरी तिसरा रेझिस्टर चालू राहिलाय. ए-बी ची नावं सगळ्या कंपन्या सारखी वापरत नाहीत, तेव्हा मीटर मुका राहिला तर आधी दोन वायरी उलटवून बघा.

खरी कसोटी टाइमआउटची, म्हणजे मीटरच्या उत्तराची किती वेळ वाट बघायची त्याची. आमच्या काही मीटरना सप्लाय मशीनच्याच आयसोलेटरनंतर (मेन स्विचनंतर) आहे, म्हणजे मशीन बंद तर मीटरही बंद. गेटवेची मूळ सेटिंग होती एक सेकंद टाइमआउट आणि एकूण तीन प्रयत्न. बंद मीटरमागे तीन सेकंद वाया. संध्याकाळी चार मशीन थांबल्या की एरवी सेकंद-दीड सेकंदात पूर्ण होणारी सगळे मीटर वाचायची फेरी बारा सेकंदांच्या वर जायची, आणि चालू मशीनचे आकडेही शिळे दिसायचे. टाइमआउट ३०० मिलिसेकंद आणि प्रयत्न दोनच ठेवल्यावर फेरी चार सेकंदांच्या आत आली. याहून फार खाली उतरू नका: ९६०० बॉडवर (तारेवरचा वेग) वीस रजिस्टरचं (मीटरमधल्या आकड्यांच्या वीस कप्प्यांचं) उत्तर तारेवरून यायलाच जवळपास ४७ मिलिसेकंद लागतात, शिवाय मीटर विचार करायला वेळ घेतो तो वेगळा.

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो आणि पत्र्याच्या शेडमधलं पॅनल त्याहून तापतं, म्हणून जास्त तापमानाचं मॉडेल घेतलं होतं. पूर्ण उन्हाळ्यात ते एकदाही अडकलं नाही. लाइट गेली-आली तरी सेटिंग जागेवर राहते. मृगाच्या आधीच्या गडगडाटी पावसातही पोर्ट शाबूत राहिले. आमचा वायरमन रोज सकाळी स्क्रीन बघून "बठ्ठं बराबर शे, भाऊ" म्हणतो, आणि मला तेवढं पुरतं.

तक्रार एकच मोठी आहे. पोर्टवर चुका किती झाल्या हे पान दाखवतं, पण कोणत्या पत्त्याच्या मीटरने उत्तर दिलं नाही ते सांगत नाही. ते सॉफ्टवेअरमध्येच शोधावं लागतं. बारा मीटरवर जमतं, चाळीस असते तर जड गेलं असतं.

दुसरा पोर्ट आता कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरला देतोय. तो १९२०० बॉड, इव्हन पॅरिटीवर (चूक पकडायला प्रत्येक अक्षराला जोडलेला जादा बिट) आहे आणि आमचे मीटर ९६०० वर, पॅरिटीशिवाय. एका जोडीवर दोन्ही चालत नाहीत, म्हणून एकच पोर्टचा स्वस्त गेटवे दिसला तरी दोन पोर्टचाच घ्या.